झालंच समजा

कोणतेही काम करण्याआधी ते दिसले पाहिजे, आणि एकदा नीट दिसू लागले की ते करण्याची घाई उरत नाही. व्यवस्थापनशास्त्राचा हा पाया आमच्या इमारतीला उशिरा कळला, पण कळला तो पक्का.

पूर्वी लिफ्ट बंद पडली की आमचा कारभार अगदीच रानटी असे. कुणीतरी मेकॅनिकला फोन करी, तो येऊन लिफ्टला दोन शिव्या आणि एक लाथ घाली, आणि लिफ्ट चालू होई. (लाथ कुणी मंजूर केली, याची नोंदसुद्धा नाही.) या वेळी मात्र अध्यक्षांच्या जावयाने एक अ‍ॅप आणलं. त्यात कामांच्या रंगीत पट्ट्या तारखांवर आडव्या पसरतात आणि प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या शेपटाला बांधलेली असते. पहिलं संपल्याशिवाय दुसरं हलत नाही. मी चिटणीस, त्यामुळे पट्ट्या माझ्या गळ्यात पडल्या.

"लिफ्ट दुरुस्ती" या एका फुटकळ कामाची आम्ही एकोणचाळीस भरघोस कामं केली. घोडं अडलं ते एवढ्यावरच, की मेकॅनिकला बोलावण्याआधी बिघाड निश्चित करणे आवश्यक होते आणि बिघाड निश्चित करण्याआधी मेकॅनिकला बोलावणे. अ‍ॅपने हा तिढा लाल रंगात दाखवला. इतका देखणा लाल, की तो सोडवायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं.

पाचव्या मजल्यावर माझी मोठी मावशी राहते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला जिना बंद. तळमजल्यावर माझी आई. तिला चार पायऱ्यांत दम लागतो, म्हणजे जिना तिलाही बंद. सख्ख्या बहिणी, एकाच इमारतीत, आणि बोलायचं फोनवर. त्यात आई महिनाअखेरीस माझ्या बहिणीकडे दूरदेशी कायमची राहायला निघालेली. त्याआधी मावशीला एकदा तिच्यासमोर बसायचं होतं. बाकी काही नाही. मी तेही रीतसर अ‍ॅपमध्ये घातलं: "बहीणभेट", रंग जांभळा, अर्थातच लिफ्टच्या शेपटाला.

अ‍ॅपला रकाने तीनच: करायचंय, चालू आहे, झालं. एवढ्यात आपल्या माणसांचं भागतं होय? मेकॅनिकला विचारलं तर तो म्हणे, झालंच समजा. अध्यक्षांना विचारलं तर तेही तेच. मग आम्ही त्याच नावाचा चौथा रकाना उघडला, आणि काय सांगू, कामाने जो वेग घेतला! आठवडाभरात प्रगती ब्याण्णव टक्क्यांवर. (उरलेले आठ टक्के म्हणजे लिफ्ट.) मेकॅनिकला तर अ‍ॅपची इतकी गोडी लागली की त्याने पाना कायमचा ठेवून दिला. हल्ली तो इतर इमारतींना पट्ट्या आखून देतो. आपल्या हातून एका माणसाचं भलं झालं, याचा समितीला अभिमान आहे.

मी मावशीला मोबाइलवर सगळं दाखवलं. तिने चष्मा लावून, बोटाने सरकवून पाहिलं.

"छान आहे रे," ती म्हणाली. "यात बसून खाली जाता येतं का?"

एवढी शिकलेली बाई, पण तोंड आवरत नाही. तिला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून न्यावं, अशी सूचना आली होती. पण उचलणे हे काम अ‍ॅपमध्ये नव्हतं, आणि मध्येच घुसडलं तर सगळ्यांच्या तारखा पुढे ढकलाव्या लागल्या असत्या. इतक्या लोकांची गैरसोय एका म्हातारीपायी कोण करणार?

आई निघाली त्या सकाळी मावशी वॉकर धरून बाल्कनीत उभी होती. आईने गाडीत बसण्यापूर्वी मान वर करून हात हलवला. तिला लांबचं धड दिसत नाही, त्यामुळे हात केला तो चौथ्या मजल्यावरच्या बाईंना. (त्यांनीही केला.)

"धाकटे, अजून वर बघ गं," मावशी ओरडली, "अजून वर."

तोवर गाडी फाटकातून वळली होती. मला भडभडून आलं, खोटं कशाला बोलू? पण जबाबदारी ती जबाबदारी. डोळे पुसले आणि "बहीणभेट" चौथ्या रकान्यात सरकवली. त्र्याण्णव टक्के.

हसा, हसा. हे सगळं मी मावशीला वाचून दाखवलं. ती तुमच्याबद्दल एवढंच म्हणाली, की ज्यांना हे वाचत बसायला वेळ आहे, त्यांची वाट बघणारं कुणी नाही वाटतं?

असेल, तर तारीख कळवा. पट्टी मी आखून देतो.