गिरजाईचं जेवण

पुस्तकातल्या कुणाची आबाळ होत असेल तर तिची तक्रार वाचनालयात द्यायची असते, आणि रत्नागिरीच्या आमच्या वाचनालयात ती मंगळवारी सकाळी ऐकून घेतात. वैजयंती मुळ्ये त्या मंगळवारी दार उघडायच्या आधीच पायरीवर उभी होती. हातात ‘कासवावरचं राज्य’ होतं आणि तळपायाची आग मस्तकात गेली होती.

हे पुस्तक तिचं लहानपणापासूनचं लाडकं. एका प्रचंड कासवाच्या पाठीवर एक राज्य आहे, तिथले सगळे दिवे काळोख्या नावाचा राक्षस गिळून टाकतो आणि राजकन्या अवनी उडत्या शेळीवर बसून ते परत आणते. वैजयंतीने हे इतक्या वेळा वाचलं होतं की लेक झाली तेव्हा दुसरं नाव सुचलंच नाही, तिचंही नाव अवनी ठेवलं. आता लेक सासरी गेल्यावर दुपारची सवड मिळाली, तसं तिने ते ओळीखाली बोट ठेवून, शब्द न् शब्द चाखत पुन्हा वाचायला घेतलं. पूर्वी ती गोष्टीच्या मागे धावायची. बोट काही धावत नाही. ते पाचव्या प्रकरणात अडलं.

पाचव्या प्रकरणात राजकन्या डोंगराएवढ्या गिरजाईच्या घरी उतरते. गिरजाई शेळीपुढे पाणी नि पाला ठेवते, राजकन्येला वाफाळता भात वाढते, लिंबाची फोड ठेवते आणि म्हणते, “तू जेव गो बाय, तुझं झालं की मी बसेन.” राजकन्या पहिला घास उचलते तोच काळोख्याचं शिंग वाजतं. घास ताटात टाकून ती शेळीवर बसते आणि सहावं प्रकरण सुरू होतं. त्यानंतर पुस्तकात गिरजाईचं नाव नाही. वैजयंतीने शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवून पाहिलं. म्हणजे बाई तेव्हापासून उपाशी होती.

ग्रंथपाल हर्डीकरांनी चष्मा पुसत सगळं ऐकून घेतलं.

“गिरजाई हे गौण पात्र आहे,” ते म्हणाले. “गौण पात्रांना भूक लागण्याची तरतूद नाही.”

“शेळीला पाला दिलाय.”

“शेळी प्रमुख पात्रांत येते.”

“हर्डीकर, तुम्ही सकाळी जेवून आलात?”

“दहीपोहे खाल्ले,” हर्डीकर म्हणाले. मग त्यांनी बालविभागाच्या कपाटामागचं दार उघडून दिलं. “आत जा, पण कथानकाला धक्का लावू नका. मुलं वाचतात. आणि चपला इथेच काढा.”

आत पुस्तकबांधणीच्या जुन्या खळीचा वास होता. गिरजाई चुलीपाशी पळी घेऊन उभी होती. तिचं डोकं आढ्याला टेकत होतं आणि गालफडं बसली होती. पाटासमोर राजकन्येचं ताट तसंच होतं. भात अजून वाफाळत होता, कारण पुस्तकात तसं लिहिलं होतं. पोटात आग पडलेल्या बाईला गरम भाताचा वास इतकी वर्षं घ्यायला लावणं हा लेखकाचा निव्वळ हलकटपणा आहे, असं वैजयंतीला वाटलं, आणि ती ते मोठ्याने बोललीही.

“असू दे गो,” गिरजाई म्हणाली. “घाईत होता बिचारा.”

“तुम्ही आधी जेवून घ्या.”

“पाहुणी ताटावरून उठलीय. तिच्या आधी कशी बसू?”

“मग ते ताट मी संपवते.”

“ते तिचं ताट. तू माझ्याबरोबर मागून बस.”

मागून बस. हे दोन शब्द वैजयंतीने लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ऐकले होते आणि अजून गिळत होती. घरी तिचा नवरा वसंत चार घास खाऊन फोनवर बोलायला उठायचा, अंगणात फेऱ्या घालायचा, आणि तिच्या वाटची आमटी गार होऊन तिच्यावर साय धरायची. कुणी तिला कोंडून ठेवलं नव्हतं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, एवढंच. गिरजाईचा तिला राग आला, स्वतःचा त्याहून आला, आणि त्या रागातच ती पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणाकडे चालू लागली.

शेवटच्या प्रकरणाच्या वेशीवर भालदाराने तिला अडवलं. “राज्याभिषेक चालू आहे. आणि इथून मागे कुणाला नेता येत नाही. पानं पुढेच जातात.”

“मी मागूनच आलेय,” वैजयंती म्हणाली आणि त्याला बाजूला सारून आत गेली.

राजकन्या अवनी सिंहासनावर होती. लहानपणी वैजयंतीने हिच्यासाठी किती वेळा रडून घेतलं होतं. जवळून पाहिली तर चांगली धष्टपुष्ट दिसत होती.

“गिरजाईकडे तुमचं ताट पडलंय,” वैजयंती म्हणाली.

राजकन्येने आठवून पाहिलं. “कोण गिरजाई?”

“भात वाढला होता तुम्हाला. लिंबासकट.”

“तेव्हा राज्य संकटात होतं, बाई. मी सगळ्यांना वाचवलं.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना,” राजकन्या म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, पण त्यात निदान वैद्य मेल्याचं कळतं तरी. वैजयंतीला ते झोंबलं, कारण हेच पुस्तक मिटून ती स्वतः दरवेळी सगळे वाचले म्हणून सुखाने झोपली होती. तिने राजकन्येचं मनगट धरलं आणि मुकुटासकट तिला खाली उतरवलं. आता कुणाला विचारावं म्हणून भालदार इकडेतिकडे पाहत राहिला. शेळी न बोलावता मागे आली.

पाचव्या प्रकरणात राजकन्या पाटावर बसली. पहिला घास उचलला तोच शिंग वाजलं. ती उठायला गेली. वैजयंतीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“बस.”

“काळोख्या आला!”

“येऊ दे. पानातलं संपव.”

राजकन्येने मुकाट्याने भात संपवला, लिंबही चोखलं. मग गिरजाईने हात धुतले, मोठं पातेलं पुढे ओढलं आणि ती खाली बसली. तेव्हा घर हललं. पहिला घास तिने डोळे मिटून खाल्ला. “सगळे बसा गो, मला एकटीला जात नाही,” ती म्हणाली, म्हणून राजकन्याही पाटावरच राहिली. वैजयंती चपला घालून घरी आली.

आठवड्याने हर्डीकर भर दुपारी मुळ्यांच्या घरी आले. वैजयंती स्वयंपाकघरात जेवत होती. ती उठली नाही. शेजारच्या पाटावर वसंत जेवत होता आणि त्याचा फोन माजघरात वाजत होता. तोही उठला नाही. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं होतं, तेवढं पुरलं होतं.

“पुस्तक पाचव्या प्रकरणापुढे जात नाही,” हर्डीकर दारातून म्हणाले. “सगळ्या प्रतींची तीच गत आहे. मुलं विचारतात, पुढे काय होतं. मी काय सांगू?”

“जेवण चाललंय म्हणून सांगा.”

“काळोख्या सहाव्या प्रकरणात ताटकळलाय. शिंग फुंकून फुंकून त्याचा घसा बसला. निरोप धाडलाय त्याने, किती वेळ लागेल म्हणून.”

“गिरजाईचं कुठवर आलंय?”

हर्डीकरांनी काखेतलं पुस्तक उघडून पाहिलं. “दुसरा भात झाला. आता तिसरा घेतायत. मग ताक आहे.”

वैजयंतीने आमटीचा भुरका मारला. आमटी गरम होती.

“मग त्याला सांगा, बाई जेवतायत.”

हर्डीकर ओटीवर जाऊन बसले. वसंतने ताकाचं भांडं बायकोकडे सरकवलं, आणि तिने आणखी थोडा भात वाढून घेतला.