दोन तारा कमी

आमच्या वजन व माप तपासणी कार्यालयाला पन्नास वर्षं पूर्ण झाली, तेव्हा कार्यालयाचा स्वतःचा वाद्यवृंद असावा असा आदेश वरून आला. उद्देश दिला होता, कर्मचाऱ्यांवरील मानसिक ताण कमी करणे. आदेश सोळा पानांचा होता आणि पंधरा दिवसांत अनुपालन अहवाल मागितला होता, त्यामुळे ताण त्याच दुपारपासून वाढला.

मी या कार्यालयात टिपण्या लिहितो. कोणताही विषय एकदा कागदावर चढला की तो पुन्हा खाली उतरू नये, एवढी काळजी मी घेतो. वाद्यवृंदाची फाईल अर्थातच माझ्याकडे आली.

जुळवाजुळव पटकन झाली. गिटार साहेबांनी स्वतःकडे ठेवली, कारण ती त्यांच्या घरी होतीच आणि घरच्यांना ती घराबाहेर गेलेली हवी होती. ड्रम चालकाला दिले, कारण तो अकरा वर्षं लाल दिव्यापाशी स्टिअरिंगवर सराव करत आला होता. गायला टंकलेखिका. राहिली बेस गिटार. ती कोण वाजवणार, असं विचारल्यावर आवक-जावक टेबलावरून एक हात वर आला. हाताच्या बोटांना शिक्क्याची निळी शाई लागलेली होती.

आवक-जावक बाई सत्तावन्न वर्षांच्या. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, नोंद करायची आणि पुढे ढकलायचं, हे त्यांनी एकतीस वर्षं केलं. त्याआधी चार वर्षं त्या एका हॉटेलच्या बँडमध्ये बेस वाजवत होत्या, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. वाद्य बँडमालकाचं होतं. मग लग्न, नोकरी, मुलगी झाली आणि वाद्य जिथलं तिथे गेलं.

"चार महिन्यांनी निवृत्त होतेय साहेब," बाई म्हणाल्या. "माझ्या मुलीनं मला एकदाही वाजवताना ऐकलेलं नाही. तिला वाटतं, आई थापा मारते. एकदा तिला ऐकवायचंय, एवढंच."

"पण हे वाद्य नेमकं करतं काय?" साहेबांनी विचारलं.

"असतं तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही. नसलं की गाणं पोकळ वाटतं."

"म्हणजे आवक-जावकसारखंच की," साहेब म्हणाले आणि त्यांनी मंजुरी दिली.

वाद्यांचा दुकानदार सज्जन निघाला. त्याने बाईंना तीन बेस गिटारी वाजवून पाहू दिल्या, त्यांनी निवडलेलीची दांडी सरळ करून दिली, नव्या तारा चढवल्या आणि वर खांद्याचा पट्टा आणि जोडवायर फुकट दिली. तो फुकट देतोय हे ऐकूनच आमच्या भांडारपालांच्या कपाळाला आठी पडली. या गृहस्थांनी सव्वीस वर्षांत एकही वस्तू मोजल्याशिवाय भांडारात घेतली नव्हती. झाडू आला तर काड्या मोजत.

त्यांनी खोका उघडला. तारा मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग नियमाप्रमाणे प्रमाणित नमुना मागवला, म्हणजे साहेबांची गिटार. तिला सहा तारा होत्या. भांडारपालांनी शांतपणे चष्मा पुसला आणि नोंदवहीत लिहिलं: "गिटार, नग एक. तारा अपेक्षित सहा. प्राप्त चार. तूट दोन."

"अहो, ही बेस आहे," बाई धावत आल्या. "हिला चारच असतात. आणि मी जे वाजवणार आहे त्याला चार पुरतात."

"बाई, कमी देणाऱ्याची बाजू घेऊ नका. तुमची निवृत्ती जवळ आलीय."

आता हे लक्षात घ्या की आमच्या कार्यालयाचं सगळं आयुष्य कमी देणाऱ्यांना पकडण्यात गेलेलं. बाहेर कुणी किलोमागे दहा ग्रॅम मारले तरी आम्ही सोडत नाही, आणि इथे आमच्याच भांडारात सहापैकी दोन तारा मारलेल्या! साहेबांचा चेहरा लाल झाला. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला नोटीस गेली. तिचा मसुदा माझा होता आणि तो उत्तम होता, हे मला आजही मान्य करावं लागतं.

दुकानदार हातातल्या टोपीची घडी करत समोर उभा राहिला. "साहेब, देवाशपथ, बेस गिटार चार तारांचीच असते."

"साखरवालाही हेच म्हणतो," साहेब म्हणाले. "आमच्याकडचा किलो एवढाच असतो, म्हणतो."

"हवं तर पाच तारांची देतो, सहाचीही मिळते..."

"म्हणजे सहाची मिळते हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही चारची दिलीत. टिपणी लेखक, हे लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. दुकानदार घरी गेला आणि पुढे पंधरा दिवस त्याने आमच्या कुणाला साधी शिट्टीही विकली नाही.

वस्तू पुरावा म्हणून जप्त झाली आणि निरीक्षकांकडे तपासणीला गेली. निरीक्षक तरुण, हुशार आणि अत्यंत प्रामाणिक होते, त्यामुळे प्रकरण आणखी बिघडलं. त्यांनी गिटार काट्यावर ठेवली. चार किलो शंभर ग्रॅम. साहेबांची गिटार दोन किलोसुद्धा भरेना. तारा कमी आणि वजन दुप्पट, याला आमच्या भाषेत भेसळ म्हणतात. मग त्यांनी सूक्ष्ममापक घेऊन तारांची जाडी मोजली. बेसच्या चार तारांची जाडी एकत्र केली तर ती साहेबांच्या सहा तारांच्या दुप्पट निघाली.

"म्हणजे संख्येत कमी दिलंय आणि जाडीत जास्त," साहेब म्हणाले. "एकाच वस्तूत दोन्ही! याला आपल्याकडे कलमच नाही."

जिथे कलम नसतं तिथे समिती नेमतात. समिती नेमली. तिची पहिली बैठक दुसरी बैठक कधी घ्यायची यावर झाली.

तोवर गिटार भांडारात होती आणि भांडारातल्या वस्तूची निगा राखावी लागते. आमच्याकडे वार्षिक देखभालीचं कंत्राट तराजू दुरुस्तीवाल्याला दिलेलं. त्याने वंगणाची कुपी आणली आणि चारही तारांना, खालच्या पट्टीला आणि खुंट्यांना मनसोक्त तेल पाजलं. "आता करकरणार नाही," तो म्हणाला. बाई जेवणाच्या सुट्टीत आल्या, तेव्हा तारांवरून बोट घसरत होतं. त्यांनी डबा बाजूला ठेवला, फडकं घेतलं आणि सुट्टी संपेपर्यंत एकेक तार पुसत बसल्या.

पुढे रोजचंच झालं. नियम असा की साठ्यातल्या काट्यांच्या स्प्रिंगा ताणलेल्या ठेवू नयेत, म्हणून भांडारपाल संध्याकाळी तारा सैल करत. तारा सैल झाल्या की गिटारीची दांडी मागे कलते, म्हणून बाई दुपारी त्या पुन्हा ताणून सुरात लावत. दुपारी बाई लावत, संध्याकाळी भांडारपाल सोडत. दोघांनाही एकमेकांचा राग नव्हता. भांडारपाल तर एकदा म्हणालेही, "बाई, तुमच्यासारखं वेळेवर येणारं माणूस या इमारतीत दुसरं नाही." बाईंनी डोक्याला हात लावला.

कार्यक्रम तीन दिवसांवर आल्यावर समितीचा अहवाल आला. तो वाचून आम्ही गारच पडलो, कारण तो अगदी न्याय्य होता. कार्यालयात गिटारी दोन, एकूण तारा दहा, सबब सरासरी पाच. साहेबांच्या गिटारीची एक तार काढून ती बेस गिटारीला लावावी, म्हणजे कुणालाच कमी नाही आणि कुणालाच जास्त नाही. या बदलाला अहवालात 'अद्ययावतीकरण' म्हटलं होतं.

साहेबांनी मोठ्या मनाने सगळ्यात बारीक तार दिली. तिचा उपयोग काय, हे त्यांना तोवर कळलेलं नव्हतं. ती पाचवी तार लावायला खुंटी हवी, म्हणून कर्मशाळेतल्या सुताराने बेसच्या डोक्याला भोक पाडून तिथे दाराची कडी बसवली. दोरखंडांच्या शेजारी शिवणाचा दोरा बांधावा तशी ती तार दिसत होती.

आता वस्तू प्रमाणित झाली, आणि प्रमाणित वस्तूवर मुद्रा उठवावी लागते. लोखंडी वजनांवर उठवतात तीच. निरीक्षकांनी ठसा गिटारीच्या चकचकीत लाकडावर टेकवला आणि हातोडीने एक घाव घातला. लाकडाला बोटभर चीर गेली. बाईंनी डोळे मिटून घेतले. मला फार वाईट वाटलं. तसं मी टिपणीत एक वाक्य लिहिलंही होतं, पण साहेबांनी ते खोडलं. भावनेला लेखाशीर्ष नाही, असा शेरा मारला.

"राहू दे," बाई मला म्हणाल्या. "वाजतेय अजून. चिरेनं काही होत नाही. ती पाचवी तार मी हाताखाली दाबून धरीन. माझी पोरगी येणारेय, तिनं रजा टाकलीय."

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. हजेरी सक्तीची होती. पहिल्या रांगेत मुख्य कार्यालयाचे मोठे साहेब, आणि चौथ्या रांगेत कडेला बाईंची मुलगी, तिशीची, आईसारखीच ताठ बसणारी. मंचावर निरीक्षक शेवटची फेरी मारत होते. बेस गिटारीला स्वतःचा आवाज जेमतेम असतो. तिची वायर ज्या खोक्यात जाते तो अ‍ॅम्प्लिफायर तिला आवाज देतो. निरीक्षक त्या खोक्यापाशी थांबले. आवाजाच्या बटणाभोवती शून्य ते दहा आकडे होते.

"दहा काय?" त्यांनी विचारलं.

"दहा म्हणजे मोठा आवाज," बाई म्हणाल्या.

"पण दहा कशाचे? किलो? लिटर? मीटर?"

"नुसते दहा."

चालकाने काठ्या खाली ठेवल्या. पन्नास वर्षं आम्ही एककाशिवाय आकडा लावणाऱ्यांवर खटले भरले आणि पन्नासाव्या वर्षी आमच्याच मंचावर, मोठ्या साहेबांच्या नाकासमोर, नुसते दहा! निरीक्षकांच्या कपाळावर घाम आला. पण माणूस खरंच हुशार. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "शून्याला एकक लागत नाही. शून्य किलोही शून्य, शून्य लिटरही शून्य." त्यांनी बटण शून्यावर आणलं, त्यावरून तार गुंडाळली आणि शिशाचं सील ठोकलं.

"साहेब, मग ऐकू काय येणार?" बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"बाई, वाजवायला मनाई नाही," साहेब समजुतीने म्हणाले. "फक्त आवाजाला आहे."

साहेबांची गिटार पोकळ पोटाची, तिला खोका लागत नव्हता. त्यामुळे पहिली दोन गाणी पाच तारांवर, तीन तालांत आणि भरपूर टाळ्यांत पार पडली. गाणी पोकळ वाटली असतील, तर तसं कुणी म्हटलं नाही. मग निवेदकाने पत्रिकेतला पुढचा विषय पुकारला: 'एकल वादन, आवक-जावक'.

बाई पुढे आल्या. त्यांनी सीलकडे पाहिलं, चौथ्या रांगेकडे पाहिलं आणि वाजवायला सुरुवात केली. सहा मिनिटं त्यांची बोटं त्या दांडीवर वरखाली धावत होती, थांबत होती, पुन्हा हळूच निघत होती. ऐकू काहीच येत नव्हतं, फक्त पंख्यांची घरघर. दुसऱ्या मिनिटाला मोठ्या साहेबांनी मान डोलावली. तिसऱ्या मिनिटाला त्यांच्या पायाने ठेका धरला. मग पहिल्या रांगेने धरला, मग दुसऱ्या, आणि बघता बघता अख्खं सभागृह त्या शांततेवर एका तालात पाय आपटू लागलं. मीही आपटत होतो. संपल्यावर लोक उभे राहिले. मोठे साहेब म्हणाले, "काय खोली आहे!"

बाहेर पडताना प्रत्येकाकडून अभिप्राय पत्रक भरून घेतलं. 'बेस गिटार वादन कसं वाटलं?' या प्रश्नाला दोनशे चौदापैकी दोनशे तेरा जणांनी 'उत्कृष्ट' लिहिलं होतं. एक पत्रक कोरं होतं. ते कुणाचं हे शोधायची गरज पडली नाही, कारण ती स्वतःच माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, फाईल तुमच्याकडे होती ना?" बाईंची मुलगी म्हणाली. "माझी आई काय वाजवत होती?"

मी फाईल उघडली. एकशे अठरा पानं. गिटारीचं वजन होतं, तारांची जाडी होती, वंगणाचा प्रकार होता, चिरेची लांबीसुद्धा होती. बाई काय वाजवणार, हे कुठल्याच पानावर नव्हतं.

"असं करा," मी म्हणालो, "एक अर्ज देऊन ठेवा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मंचावर जाऊन ती आईशेजारी खाली बसली. बाई फडक्याने तारा पुसत होत्या. मुलीने काहीतरी विचारलं, बाईंनी तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. काय सांगितलं, ते मला माहीत नाही.

माझं सोडा, मी नोकरदार माणूस, माझ्या फाईलीत त्या प्रश्नाला रकाना नव्हता. पण तुम्ही तर अगदी सुरुवातीपासून इथे आहात. तुम्ही तारा मोजल्यात, जाडी पाहिलीत, आमच्या साहेबांना हसलातही. बाई काय वाजवणार होत्या, हे विचारताना तुम्हाला कुठला रकाना आडवा आला?