हानाआजी आणि माझी चतुर्थी

जिनं लहानपणी चार वर्षं भूक काढली, त्या बाईला मी म्हणालो, "आज माझा उपवास आहे." तेही तिच्या हातचं बीटाचं सूप टाळायला.

हानाआजी ही अमेरिकेतल्या शॉमबर्गमधली माझी शेजारीण. वय पंचाहत्तर (ही २००९च्या मंदीतली गोष्ट), राहते एकटी, आवाज फौजदाराचा. 'हॅलो'वर तिचा विश्वास नाही. जिन्यात भेटली की एकच प्रश्न, "काय खाल्लंस?" एकदा मी "बरा आहे" म्हणालो, तर म्हणाली, "तब्येत नाही विचारली. जेवण विचारलं." ब्रेड ती दोरा लावून कापते. तुकडा जरा जाड झाला की पुन्हा सुरी. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, हिच्या घरची पाच माणसं एका खोलीत राहायची. मुलांत भांडण नको म्हणून आई दोऱ्यानं मापून पाव वाटायची. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी बोललो.

त्या दिवशी ऑफिसात आणखी चार टेबलं रिकामी झाली होती. उद्या आपलं, या विचारानं दमून घरी आलो, तर दारात आजी, हातात पातेलं.

"नको आजी, आज चतुर्थी. उपवास."

आजीनं पातेलं मागे घेतलं. "तुझा वाटा कोण खातंय?"

"कोणी नाही! एकटाच तर असतो."

"नोकरी गेली?"

"अजून आहे."

ती पायरीवरच बसली. "आई आठवड्यातून तीनदा म्हणायची, आज माझा उपवास. मग तिचा तुकडा आम्हा तीन भावंडांत, दोरा लावून. मी विचारलं, एवढे कसले उपवास? म्हणाली, मोठ्यांना जास्त असतात. मला खरं वाटलं." मग स्वतःच म्हणाली, "नाही. भूक होती, म्हणून खरं वाटून घेतलं."

पातेल्यासकट तिला आत नेऊन बसवलं. मी उपाशी नाही एवढं तरी तिला पटावं, म्हणून सकाळची साबुदाण्याची खिचडी पुढे केली. "हे उपवासाला चालतं," मी ओशाळून म्हणालो.

तिनं चमच्यानं उकरून पाहिलं. "बटाटा?"

"चालतो."

"शेंगदाणे? एवढं तूप?"

"चालतं."

आजीनं माझ्या पोटाकडे एकदा नीट पाहिलं आणि पातेल्यावरचं झाकण काढलं.

"आईचाही उपवास खोटाच होता," ती म्हणाली. "पण ती उपाशी दिसायची तरी."