चाळीस नंबरांची चोरी

"माझ्या नजरेतून सुईचं नेढंसुद्धा सुटत नाही. लोक गुन्हा झाल्यावर पुरावा शोधतात. मी पुरावा आधीच शोधून ठेवतो, गुन्हा मागाहून सवडीने होतो." मामा स्वतःबद्दल हे सांगत होते, तेव्हा ते स्वतःचाच चष्मा शोधत होते.

घासूने त्यांच्या कपाळाकडे बोट दाखवलं. खरं तर तो या चष्म्याच्या दुकानात एकोणीस वर्षं काचा घासत होता, म्हणून घासू. पण मालकीणबाईंच्या या धाकट्या भावाला डिटेक्टिव्हगिरीचं वेड लागल्यापासून सहायकाचं पदही त्याच्या गळ्यात पडलं होतं. पगार मात्र काचांचाच.

सोमवारी सकाळी दुकानातल्या कॉम्प्युटरच्या डिस्कने मान टाकली. तिच्यात गेल्या बारा वर्षांतल्या गिऱ्हाइकांचे चष्म्याचे नंबर होते, आणि गावातल्या शाळेतल्या चाळीस मुलांचेही. त्यांचे डोळे शनिवारीच शाळेत जाऊन तपासलेले, चष्मे शुक्रवारी द्यायचे. त्यातली एक मुलगी पहिल्या बाकावर बसूनही फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची, हे घासूने तपासणीच्या दिवशी पाहिलं होतं. "आता शुक्रवारपर्यंत चष्मे कसे होणार?" त्याने विचारलं.

"घाबरतोस काय? बॅकअप आहे!" मामा म्हणाले.

होता. कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची सिस्टीम त्यांनीच घातलेली, तेव्हा बॅकअपचं टूल निवडायचा मानही त्यांचाच. तीन आठवडे त्यांनी तीन टूल्सची कसून चौकशी केली होती. पहिलं अख्खी डिस्क जशीच्या तशी उतरवून घ्यायचं. "हावरट आहे. बाद." दुसरं रोज फक्त बदललेल्या फायली गोळा करायचं, पण त्याला हुकूम टाइप करून द्यावे लागत. "हे कमी बोलतं. कमी बोलणारा नेहमी काहीतरी लपवतो." तिसऱ्यावर एक मोठं निळं बटण होतं. ते रोज सिस्टीमचा फोटो काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवायचं. "याचा चेहरा प्रामाणिक आहे," असा निकाल देऊन मामांनी तपास बंद केला होता.

नवी डिस्क बसली, निळं बटण दाबलं गेलं आणि वीस मिनिटांत कॉम्प्युटर उठून बसला. प्रिंटर आला, मराठी अक्षरं आली, पत्त्यांचा खेळसुद्धा आला. 'गिऱ्हाइकं' नावाचं फोल्डर तेवढं आलं नाही.

"चोरी!" मामा ओरडले. कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा इतका खुलला नव्हता.

"अहो, मी काय म्हणते..." गल्ल्यामागून बाईंच्या सासूबाई म्हणाल्या. सगळं दुकान त्यांना आजी म्हणे.

"आजी, साक्षीदाराने विचारल्याशिवाय बोलायचं नसतं."

पहिला संशय समोरच्या चष्मेवाल्यावर. "आज तो तीनदा इकडे बघून हसला."

"तुम्ही दुर्बीण लावून त्याच्याकडे बघता मामा. कुणीही हसेल," घासू म्हणाला.

दुसरा संशय व्हायरसवर.

"पण लिनक्सवर व्हायरस सहसा येत नाही, हे तुम्हीच सांगितलं होतं."

"तेच तर! मग त्याच्यावर संशय घेणार कोण?"

दुपारी मामा भिंग घेऊन घासूकडे वळले. "हात दाखव. काचा घासणाऱ्याचे हात इतके स्वच्छ?"

"जेवायच्या आधी धुतले."

"पुरावा नष्ट केलास!"

घासूला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. एकोणीस वर्षांत या दुकानातला एक स्क्रूही त्याने घरी नेला नव्हता. त्याने मामांच्या हातातलं भिंग घेतलं, कॉम्प्युटरसमोर बसला आणि निळ्या बटणाखालची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. "यात फक्त सिस्टीम जपली जाते. तुमच्या स्वतःच्या फायलींचा बॅकअप वेगळा घ्या." मग म्हणाला, "फोल्डर कुणी नेलं नाही मामा. ते फोटोत कधी नव्हतंच."

"म्हणजे टूलही कटात सामील!"

"तीन आठवडे वाचलंस तरी काय?" बाईंनी विचारलं.

"मी चेहरे वाचतो, ताई."

बाईंनी फोन पुढ्यात ओढला. शाळेला काय तोंड दाखवायचं?

"आता तरी बोलू का?" आजी म्हणाल्या. त्यांनी खण उघडून चष्म्याचं एक जुनं घर काढलं. आत पेनड्राइव्ह होता. "दर शनिवारी दुकान बंद करताना गिऱ्हाइकं यात उतरवून ठेवते मी. सहा वर्षं झाली."

घासूने तो लावला. बारा वर्षं आली, चाळीसच्या चाळीस मुलं आली. पहिल्या बाकावरच्या मुलीचा नंबर उणे चार होता.

बाईंना एकदम बळ आलं. "सिस्टीमसाठी तुझं निळं बटण राहू दे. फायलींसाठी ते कमी बोलणारं टूल घासू बसवेल. आणि महिन्यातून एकदा सगळं परत आणून बघायचं, नुसतं ठेवून भागत नाही. आता घासूची माफी माग."

"पुराव्याअभावी सोडलंय ना त्याला!"

घासू नंबर छापून घेऊन आपल्या यंत्राशी गेला आणि त्याने उणे चारची काच आधी घेतली. मागे मामा वही उघडून आजींची जबानी घेत होते.

"सहा वर्षं! कोणतं टूल वापरलंत?"

"उजवं बटण," आजी म्हणाल्या. "मग कॉपी. मग पेस्ट."

मामांनी गंभीरपणे लिहून घेतलं, "उजवं बटण. वरकरणी साधं दिसतं. पाळत ठेवावी."