पोचल्याशिवाय केर नाही

जयवंतीनं त्या सकाळी सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, विचारलं नसतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. झाडू हातात होता, नवरा पाठीवर बोचकं बांधून रिक्षात बसून गेला होता, आत्याबाई देवापुढे पाठमोऱ्या बसल्या होत्या. गुपचूप चार हात मारले असते तर घर झालं असतं लख्ख. पण सासरी काय करायचं ते विचारून करावं, असं तिच्या आईनं तासगावहून पाठवणी करताना कानात सांगितलं होतं. (आईनं आणखीही बरंच सांगितलं होतं. लक्षात राहिलं ते नेमकं एवढंच.)

"आत्याबाई, केर काढू का?"

आत्याबाईंनी हातातली घंटी थांबवली आणि मान वळवली.

"आत्तां घरांतून कोण गेलें?"

"हे गेले."

"कुठें गेला?"

"हिमालयात."

"हिमालयांत माणूस गेला, आणि तूं त्याच्या पाठीवर केर काढतेस? अय्यो! तो पोचला म्हणून कळूं दे गे. मग काढ."

झालं. जयवंतीनं झाडू दारामागे ठेवला. ही रीत काही तिला नवी नव्हती. कुणी गावाला निघालं की लगेच घर झाडायचं नाही, नाहीतर गेलेलं माणूसही झाडलं जातं, हे तासगावातही होतंच. पण तासगावातलं माणूस जाऊन जाऊन जातं कुठं? सांगलीला! दळण दळून आणेपर्यंत ते पोचतं, आणि बायका केर काढायला मोकळ्या. इथं चेन्नईत अण्णा नगरात बसून हिमालयात पोचणाऱ्या माणसाची वाट बघायची म्हणजे निराळंच काम होतं.

हा हिमालयाचा नाद विश्वेशला लागला तो ऋचाच्या पायगुणानं. आवडी नावाच्या उपनगरातल्या डिफेन्स फॅक्टरीत बिचारा सरळ कारकुनी करत होता. मुलगी झाली, तिचे फोटो काढायला म्हणून कॅमेरा आणला. मुलगी काही एका जागी बसेना, म्हणून त्यानं कावळ्यांचे फोटो काढले. कावळे उडायला लागले, म्हणून चंद्राचे काढले. मग नुंगंबाक्कमला प्राणेश सर म्हणून कुणी होते, त्यांच्या रविवारच्या क्लासला जायला लागला. आणि एक दिवस घरी येऊन म्हणाला, "जयू, सर स्पितीला टूर नेतायत. फोटोग्राफीची. छोटा ग्रुप, फक्त सहा माणसं!"

"सहाच?" जयवंतीनं बोटं मोजली. "म्हणजे एक जण दरीत पडला तर शोधायला पाचच जण?"

मुळात जयवंतीचा जीव टांगणीला लागायला हिमालय लागत नसे. नवरा तांबरमला मावशीकडे गेला तरी तो परत येईस्तोवर तिच्या डोळ्यांपुढे सगळी लोकल रुळावरून घसरायची. तिनं एकदा ऋचाकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं, आणि मनातल्या मनात स्वतःला विधवा करून, पोरीला वाढवून, तिचं लग्नही लावून दिलं. तोंडानं मात्र एवढंच म्हणाली, "कानटोपी न्या."

तर त्या दिवशी झाडू दारामागे गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला.

"जयू, मनालीला पोचलो! काय थंडी आहे, अगं, नाक हाताला लागत नाही!"

फोन ठेवता ठेवता जयवंतीनं झाडू उचलला. तेवढ्यात आतून आवाज आला.

"दिवा लावून झाला ना गे?"

"हो."

"दिवा लागल्यावर केर? नवरा पोचला म्हणून लक्ष्मीला घालवतेस? उद्यां सकाळीं काढ."

हेही खरंच होतं. तिन्हीसांजेनंतर केर कुणीच काढत नाही. जयवंती सकाळी उठली, पदर खोचला, झाडू घेतला, आणि आधी मोबाईल बघितला. मेसेज होता. 'पहाटेच निघालो. पुढचा मुक्काम आणखी वर. सर म्हणतात गोल्डन अवर चुकवायचा नाही.'

आत्याबाईंनी विचारलं, "काय म्हणतो?"

खोटं बोलावं असं जयवंतीच्या फार मनात आलं. पण सासूशी खोटं बोललं आणि त्याच वेळी तिकडं दरड कोसळली तर?

"निघाले म्हणतात."

"निघाला ना? मग ठेव तो झाडू."

म्हणजे बघा, कसा फास बसला तो. फोटोवाल्यांना ऊन चांगलं हवं ते पहाटेचं आणि मावळतीचं. म्हणून ते उजाडायच्या आत निघणार आणि अंधार पडल्यावर पोचणार. पोचल्याचं कळावं तेव्हा इकडं दिवा लागलेला, आणि सकाळ व्हावी तर तिकडं माणूस पुन्हा वाटेला लागलेला. साऱ्या हिंदुस्थानात बायका केर काढत होत्या, आणि जयवंतीच्या नशिबात मात्र केर काढायला मुहूर्त नव्हता.

घरासमोरचा रस्ता पावसाळी नाल्यासाठी उकरून ठेवलेला. लाल माती खिडक्यांतून सरळ आत यायची आणि पाहुण्यासारखी बसून राहायची. त्यात कडुनिंबाची वाळकी पानं, ऋचाचे मुरमुरे, नारळाच्या शेंड्या, आणि जिकडे तिकडे केस. (केसांचा एवढा पुंजका जमला की आता आपल्या डोक्यावर काय राहिलंय हे जयवंतीनं आरशात बघून घेतलं.) कामाला येणारी कनका दारातच थबकली.

"अक्का, झाडायचं नाही तर नुसतं पुसून घेऊ?"

"वेण्डाम! मुळींच नको!" आत्याबाई कडाडल्या. "ओल्या फडक्यानें तर माणूस पुसूनच जातो!"

"मग फॅन पाचवर ठेवा. कचरा आपणहून कोपऱ्यात जाईल," असं म्हणून कनकानं दोन भांडी विसळली आणि ती खुशीत निघून गेली. खाली जाताना सगळ्या मजल्यांवर सांगत गेली ते निराळंच.

बरं, आत्याबाईंना घाण आवडत होती म्हणावं तर तसंही नाही. त्या स्वच्छतेच्या इतक्या भोक्त्या की भाजीवाल्यानं दिलेली कोथिंबीर तीनदा धुवायच्या. घरभर चप्पल घालून फिरताना त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा व्हायचा. पण त्यांच्याकडे पुरावा होता.

"तुझे मामंजी एकदां कुंभकोणमला गेले. मी मागून केर काढला."

"मग?" जयवंती पुढं सरकली.

"छत्री हरवली."

"एवढंच?"

"एवढंच काय म्हणतेस? नवी होती. त्यांत ते कुंभकोणम. हा हिमालय! तूंच हिशेब कर."

जयवंतीनं हिशेब केला आणि झाडू दारामागे आणखी आत सरकवला.

मग फोन यायचे बंद झाले. शेवटी एक फोटो तेवढा आला होता. उंच सुळक्याच्या टोकावर विश्वेश उभा, कानटोपी घातलेला, पाठीमागं नुसती पोकळी. कुणी काढला होता देव जाणे. विश्वेशच्या टाचेमागं जमीन आहे की नाही हे बघायला जयवंतीनं तो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, तर टाचेचे नुसते चौकोन झाले. त्यानंतर सिग्नल नाही, मेसेज नाही. फोन लावला की एक बाई हिंदीत आणि मग इंग्रजीत सांगायची की हा माणूस कक्षेच्या बाहेर आहे. त्या बाईच्या आवाजात जराही काळजी नव्हती, याचं जयवंतीला फार वाईट वाटायचं.

टीव्हीवर कुठल्याशा घाटात दरड कोसळलेली दाखवत होते. कुठला घाट ते ऐकायच्या आतच आत्याबाईंनी टीव्ही बंद केला. दोघी बायका पंख्याखाली समोरासमोर बसून राहिल्या. बाहेर उन्हाचा फुफाटा, आत केर. बोललं की तेच निघालं असतं. जयवंतीनं भात टाकला, तो तसाच राहिला. आत्याबाईंनी देवाचं तेल पुन्हा पुन्हा बघितलं. पाखराच्या पिसासारखी एक धुळीची गुंडाळी दोघींच्या मधून सावकाश घरंगळत गेली, आणि दोघींनी ती बघितली, पण तिचं नाव काढलं नाही.

त्याच दुपारी रांगणारी ऋचा खोकायला लागली. जयवंतीनं धावत जाऊन तोंडात बोट घातलं, तर निघाला झुरळाचा पाय.

जयवंतीचं डोकंच फिरलं. तिनं दारामागचा झाडू खेचला.

"आत्याबाई, मी काढते केर! पोर माती खातेय, किडे खातेय! तुम्हाला नातीची माया नाही का?"

भिंतीकडं तोंड करून आत्याबाई हळूच म्हणाल्या, "काढ. मला एकच लेक आहे. तुला नवरा किती आहेत तें तूंच मोज."

झाडू जमिनीला टेकला. जयवंतीच्या डोळ्यांपुढे तो सुळका आला. इकडं झाडूचा एक फटकारा, की तिकडं टाचेखालचा एक दगड निसटणार. कडेवर पोर खोकत होती आणि डोंगरावर नवरा उभा होता, आणि दोघांच्या मधोमध ती, हातात झाडू घेऊन. तिला वाटलं, शाळा सातवीतच सुटली म्हणून आपल्याला यातलं उत्तर येत नसेल. शिकलेल्या बायकांना येत असेल.

शेवटी तिनं झाडू ठेवला, ऋचाला खाटेवर बसवलं, आणि खाली बसून एकेक कण बोटांनी वेचायला लागली. वेचणं म्हणजे काही झाडणं नव्हे. थोड्या वेळानं आत्याबाई गुडघे धरत खाली उतरल्या, आणि त्याही वेचायला लागल्या. "हें चालतें," त्या नाक ओढत म्हणाल्या, "तांदूळ निवडल्यासारखें." दोघींनी मिळून संध्याकाळपर्यंत खाटेपुढच्या चार फरशा निवडल्या. मग वारा आला.

आणि एका सकाळी, चांगली नऊ-दहाच्या सुमाराला, फोन वाजला.

"जयू! पोचलो!"

"कुठं पोचलात?" जयवंती ओरडली. कुठं पोचलो हे नीट विचारायचं, एवढं ती आता शिकली होती.

"चेन्नईला! एअरपोर्टवर! रस्ता बंद होता, वर सिग्नल नाही, खाली आलो तर फोन मेला. आत्ता इथं चार्ज केला. येतोच!"

जयवंती ऋचाला छातीशी धरून रडली. आत्याबाईही रडल्या. मग डोळे पुसून, "पिळ्ळैयारला नारळ बोलल्यें आहे," म्हणत पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या गणपतीच्या देवळाकडे निघाल्या.

घरात आता विचारायला कुणी नव्हतं. आणि या वेळी विचारायचं कशाला? दिवसाउजेडी, नवऱ्याच्या तोंडून, स्वतःच्या कानांनी 'पोचलो' ऐकलं होतं. जयवंतीनं झाडू असा उचलला, जणू भवानीनं तलवार उचलावी. कोपरे झाडले, खाटेखालचं काढलं, पंख्याची पाती पुसली. एवढ्यानं समाधान होईना म्हणून बादलीत साबणाची पूड ओतली आणि सगळं घर घासून धुतलं. फेसाचं पाणी उंबऱ्यावरून बाहेर, जिन्याच्या चौकात लोटून दिलं. ऋचाला आंघोळ घातली, नवा झगा घातला. स्वतः हिरवी साडी नेसली. गजरा माळला. घर असं चकाकत होतं की फरशीत तोंड दिसावं.

पावलं वाजली. दारात विश्वेश! उन्हानं रापून करपलेला, ओठ फुटलेले, दाढी वाढलेली, पण धडधाकट, दोन हात, दोन पाय. जयवंती ऋचाला कडेवर घेऊन उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

"हलू नको!" विश्वेश ओरडला. त्यानं गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला. "अशीच थांब! काय लाईट पडलाय तुझ्यावर! तिकडं असा एकदाही मिळाला नाही!"

"अहो, आधी आत तर या..."

"एकच! पाय फ्रेममध्ये येत नाहीत. जरा मागं जातो."

जगातल्या सगळ्यात अवघड रस्त्यावरून सुखरूप आलेला माणूस जिन्याच्या चौकात, साबणाच्या पाण्यात, दोन पावलं मागं गेला.

(कॅमेऱ्याला काही झालं नाही. तो त्यानं शेवटपर्यंत वर धरला होता.)

दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो काढला. या टूरमधला तो सगळ्यात स्पष्ट फोटो, त्यात उजव्या घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं चांगलं दिसत होतं. "ट्रेकिंगमध्ये पडलात?" डॉक्टरांनी विचारलं. विश्वेशनं बायकोकडं बघितलं, बायकोनं फरशीकडं बघितलं, आणि विश्वेश म्हणाला, "हो, हिमालयातच." एवढ्या एका वाक्यासाठी जयवंतीनं त्याला कॅमेऱ्याचं सगळं माफ केलं.

संध्याकाळ व्हायच्या आत खुर्चीत बसवून दोघा शेजाऱ्यांनी त्याला वर उचलून आणलं. जिन्याचा चौक शेजाऱ्यांच्या चपलांच्या चिखलानं भरला होता, आणि आत पुन्हा माती यायला सुरुवात झाली होती. कनका बातमी ऐकून आली होती. जयवंतीनं घाईनं झाडू हातात घेतला.

आत्याबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी ओल्या चौकाकडं बघितलं, साबणाच्या बादलीकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. मग खुर्चीतून पुढं आलेला लेकाचा प्लास्टरमधला पाय त्यांनी डोळे बारीक करून न्याहाळला.

"उजवा ना हा?"

"हो."

"घरांत शिरतांना उजवा पाय आधीं टेकायला हवा. टेकला?"

"टेकायचा नाही म्हणालेत डॉक्टर," विश्वेश म्हणाला. "दीड महिना तरी."

आत्याबाईंनी सुनेच्या हातातला झाडू अलगद काढून घेतला आणि दारामागे ठेवला.

"म्हणजे अजून पोचला नाहीं."

कनकानं आपली पिशवी उचलली. "मग अक्का," ती समजुतीनं म्हणाली, "मी दीड महिन्यानंच येते."