आण्णांच्या ओटाच्या स्कोन्या

आमच्या गल्लीतून दर रविवारी सकाळी एका माणसाची मिरवणूक निघते. पुढे पिळदार मिशा, मागे आण्णा, आणि आण्णांच्या दोन्ही हातांत ओल्या फडक्यानं झाकलेलं पत्र्याचं ताट. वाटेत कुणी विचारलंच, "काय आण्णा, मटण काय?" की आण्णा अख्खी गल्ली जागी करतात. "स्कोन्या हायत स्कोन्या! ओटाच्या! सर बाजूला, वारं लागाय न्हाय पायजे!"

स्कोन ही चीज ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ती पावही नाही आणि नानकटाईही नाही. ओट, कणीक, गार लोणी, ताक, चिमूटभर सोडा आणि चवीपुरता गूळ एकत्र करायचा, जाडसर तुकडे कापायचे आणि भट्टीत भाजायचे. बाहेरून खरपूस, आतून मऊ. साहेबाच्या देशात चहाबरोबर खातात म्हणे. आण्णांनी तिला कोल्हापुरात आणून एक स्कोनी, दोन स्कोन्या करून टाकलं.

दिवाळीच्या तोंडावर घरचा रवा, तूप, साखर बेकरीत न्यायची आणि भट्टीपुढे उभं राहून आपली बिस्किटं भाजून आणायची, ही आमच्याकडची जुनी रीत. आण्णांनी ती बारमाही केली. बेकरीवाला रफिक त्यांचं ताट बघितलं की कपाळावर हात मारतो. "आण्णा, गिऱ्हाइकाचं पाव काढू का तुमचं घोड्याचं खाणं भाजू?" आण्णा म्हणतात, "तू दार उघड. पाव काय पळून जातोय व्हय?"

आता तुम्ही म्हणाल, हौशी म्हातारा दिसतोय. हौशी कसला डोंबलाचा! या माणसानं जन्मात कधी चहासुद्धा केला नव्हता.

आण्णांची सगळी नोकरी कागलकडच्या एका साखर कारखान्याच्या गेटवर गेली. उसाच्या गाड्यांच्या रांगेवर ओरडून ओरडून त्यांचा आवाज कायमचा वर चढून बसला. घरात ते "पाणी दे" म्हणाले तरी भिंतीपलीकडे आम्ही तांब्या उचलतो. आणि या माणसाची मायाही तसलीच. ज्याच्यावर जीव, त्याला शिव्या. मला ते तोंडावर सांगतात, "वैनी, तुमचा चहा म्हंजे निस्तं गरम पाणी." मग मी समजते, आपण घरच्यांत जमा आहोत. कोपऱ्यावरच्या वकिलांशी त्यांचं मुळीच पटत नाही. त्यांना मात्र "या साहेब, बसा साहेब, लई चांगलं केलंसा आलासा."

आण्णांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरात बाप आणि लेक संदीप, दोघंच. मग संदीपचं लग्न झालं आणि गडहिंग्लजची अनुजा सून म्हणून आली. पोर मोठी गुणी. बोलणं इतकं हळू, की आण्णा सारखे कानाला हात लावून "आं? काय म्हंतीस?" करायचे. तिनं रुखवतात एक छोटा ओव्हन आणला होता. आण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला तो टीव्ही दाखवल्यासारखा दाखवायचे.

त्याच सुमारास आण्णांना साखर निघाली. डॉक्टरांनी ओट खायला सांगितले. अनुजानं खीर केली, उपमा केला. आण्णांनी ताटली सरकवली. "पेज आजारी माणूस खातोय. म्या काय आजारी हाय?" बिचारीनं हार मानली नाही. मोबाइलवर शोध शोध शोधलं, दोनतीनदा करून बघितलं, आणि एका रविवारी बशीभर ओटाचे स्कोन घेऊन बाहेर आली. नेमके त्याच दिवशी कागलचे पाहुणे आले होते. घराचा पुढचा सोपा माणसांनी भरलेला. मीही तिथंच बसले होते.

आण्णांनी एक उचलला, वास घेतला, आणि गेटवरच्या आवाजात गरजले, "आगं, आमी काय टांग्याची घोडी हाय व्हय? बशीत कशाला आणलीस? तोबऱ्यात घालून गळ्यात बांध की!"

सोप्यात हशा पिकला. आण्णांना वाटलं, काय झकास बोललो आपण! अनुजाही हसली. बशी उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी मी वाटी परत द्यायला गेले, तर ओव्हन खोक्यात भरून माळ्यावर गेला होता.

भांडण नाही, तंटा नाही. वर्षभरात संदीपनं पुण्याला नोकरी धरली. सामानाच्या टेम्पोत ओव्हनचं खोकंही गेलं. आण्णा टेम्पोवाल्यावर ओरडत होते, "ते खोकं हळू ठिव, काच हाय त्यात!" अनुजा वाकून पाया पडली, "येते आण्णा" म्हणाली.

मी त्यांना एकदा सरळ म्हटलं, "आण्णा, एक फोन करा आणि म्हणा, पोरी, माझं चुकलं. जीभ झिजणार आहे का?"

"वैनी, माफी परक्याला मागत्यात. घरच्या माणसाची कसली माफी? उद्या तुमी म्हनशीला, घरात शिरताना बेल वाजवा."

"मग करणार काय?"

"म्याच शिकतोय ते. आली की तिच्याफुडं ठिवतो. समजंल तिला."

आणि सुरू झाल्या स्कोन्या.

तरुणपणी आण्णा तालमीत होते. त्यांना वाटलं, पीठ म्हणजे पैलवान. लोणी लावून परातीत असं काही रगडलं, की भिंतीपलीकडे आमची भांडी वाजली. कणीक जितकी मळावी तितकी पोळी मऊ, हे आपण आईच्या पोटातूनच शिकून आलेलो असतो. स्कोनचं नेमकं उलटं. नुसत्या बोटांनी गोळा करायचं आणि सोडून द्यायचं. पहिल्या रविवारची स्कोनी मी चावली आणि माझी दाढ चारपाच दिवस ठणकत होती. आण्णा समोर उभे. "कसं हाय? खरं सांगा, गोड बोलू नका." मी सांगितलं, "आण्णा, भिंत बांधायला काढा." ते एवढे खूश झाले, की दुसरी हातात दिली.

पुढं कधी सोडा जास्त झाला, कधी ताक आंबट निघालं, कधी बेकरीतल्या रांगेत ताट इतकं ताटकळलं की स्कोन्या बसल्या त्या बसल्याच. रफिक कंटाळून म्हणाला, "आण्णा, घरी ओव्हन घ्या की एक." आण्णा पटकन म्हणाले, "घरात हाय की. पुन्याला ठिवलाय." रफिकनं ताट घेऊन भट्टीत सरकवलं. मी दुसरीकडे बघितलं.

पण माणूस चिवट. ज्याच्या हातानं आयुष्यात एक दारसुद्धा हळू लावलं नव्हतं, तो बोटांच्या टोकांनी लोणी चोळायला शिकला. यंदाच्या उन्हाळ्यात एका रविवारी त्यांनी आणलेली स्कोनी मी हातात घेतली तर मधोमध अलगद उकलली. आत वाफ. मी तीन खाल्ल्या. खोटं कशाला सांगू, अनुजाच्या हातची चव होती तिला. मी तसं म्हटल्यावर आण्णा मिशा पुसत नुसते उभे राहिले. ओरडले नाहीत.

आणि मग संदीपचा फोन आला. अनुजाच्या भावाचं लग्न ठरलं होतं. गडहिंग्लजला जाताना वाटेत दुपारी थांबतो म्हणाला. पुण्याला गेल्यापासून अनुजा पहिल्यांदाच घरी येणार होती.

त्या दिवशी सकाळी मी मदतीला म्हणून गेले. बघते तर काय! आण्णा परातीवर वाकून, दोन्ही मुठींनी, घाम गाळत पीठ रगडतायत.

"अहो आण्णा, हे काय करताय! दगड होतील दगड! आजच विसरलात?"

"होऊ द्या."

"आणि हे मीठ किती टाकलंय?"

"वैनी, तुमी गप बसा."

मला वाटलं, पोर येणार म्हणून म्हातारा गांगरला. दुसरं पीठ भिजवायला वेळ नव्हता. ताट भट्टीत गेलं आणि दगड होऊन परत आलं.

दुपारी ती दोघं आली. अनुजा छान दिसत होती. तहान लागली होती तिला, पण स्वयंपाकघराच्या दारात थांबून विचारलं, "आण्णा, पाणी घेऊ का?" स्वतःच्याच घरात विचारून पाणी! जेवणं झाली, मी चहा टाकला. आण्णांनी बशी तिच्यापुढे ठेवली.

"ओटाच्या हायत. म्या केल्यात."

तिनं एकदम वर बघितलं. क्षणभर वाटलं, काहीतरी बोलेल. मग तिनं दोन्ही हातांनी एक मोडली, चहात बुडवली आणि खायला लागली.

"घट्ट झाल्यात न्हवं?" आण्णांनी विचारलं.

"नाही आण्णा, छान झाल्यात."

"मीठ जास्त पडलंय बघ."

"नाही हो, बरोबर आहे."

"तू कशी करायचीस? आमची चुकत्यात. दाखव की जरा."

"मी आता करतच नाही, आण्णा. वेळच होत नाही," ती हसून म्हणाली. सगळी स्कोनी तिनं संपवली. बशीत कणसुद्धा ठेवला नाही. निघताना चार बांधून घेतल्या, पाया पडली. "थँक यू आण्णा. आमच्यासाठी एवढा त्रास घेतलात."

गाडी वळली. आण्णा दारातच उभे राहिले. मला राहवेना. मी म्हटलं, "इतक्या दिवसांची मेहनत आणि आजच मुद्दाम नासवलीत ना? का, ते तरी सांगा!"

आण्णा खाली पायरीवर बसले.

"चांगल्या झाल्या असत्या तर चांगल्याच म्हनली असती वो. वाटलं, वंगाळ केल्या तर तरी बोलंल. वरडंल. म्हनंल, सरका आण्णा, आसं नसतंय ते. आन् परात वडून घील." त्यांचा आवाज इतका खाली आला होता, की मला वाकावं लागलं. "पावणीवानी खाऊन गेली की वो, वैनी."

मी त्यांच्या शेजारी बसले. गाडी गेली त्या वळणाकडे बघत ते म्हणाले,

"आता गडहिंग्लजला पोचंल. पिशवी सोडंल. आन् आईला म्हनंल बघा, सासऱ्यानं मीठ किती घातलंय. तितं म्हनंल."