भेंडी झालीच पाहिजे

लकवा येऊन गेल्यापासून धर्मपालकाकांना चालता येत होतं आणि बोलताही येत होतं. फक्त दोन्ही एकदम येत नव्हतं. पाय उचलला की तोंड बंद पडे, आणि तोंड उघडलं की पाय जमिनीला चिकटत. कौसल्याकाकूंनी "चहा घेता काय?" असं विचारलं की काका अंगणाच्या मधोमध खांबासारखे उभे राहत, "हो" म्हणत, आणि मग आपण कुठे निघालो होतो ते आठवत बसत.

घरात हे चालून गेलं असतं. पण रस्त्यात कोणी "जयभीम काका" म्हटलं तरी उत्तर द्यायला ते जागच्या जागी थांबत. एकदा असे थांबले तेव्हा मागून कापसाचा ट्रॅक्टर येत होता. ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक दाबला आणि अर्धा कापूस काकांच्या अंगावर आला. ही बातमी पुण्याला अतुलपर्यंत पोचली, आणि अतुल रेल्वेची तीन तिकिटं काढूनच बाभुळगावला आला.

"बाबा, पुण्याला लिफ्ट आहे," तो म्हणाला. "खाली बाग आहे. ट्रॅक्टर नाही."

काकांनी नुसती कमरेची किल्ली चाचपली. विहाराला लागून असलेल्या खोलीत त्यांनी वाचनालय चालवलं होतं, तीन कपाटांचं. ते आजारी पडल्यापासून त्याला कुलूप होतं. आपण गेलो तर ते कुलूप कोणी उघडणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आणि आपण राहिलो तरी ते आपल्याच्यानं उघडेल की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. पुस्तक काढायला कपाटाकडे जायचं आणि जाता जाता वाचकाशी बोलायचं, हेच तर तिथलं काम होतं.

यवतमाळहून आठवड्यातून एकदा फरहाना येई. काकांना व्यायाम शिकवणारी. तिनं तोड काढली.

"अतुलभाऊ, मेंदूची दोन कामं सोबत करायची सवय मोडली आहे, बस. ती पुन्हा लावता येते. काका, चालता चालता भाज्यांची नावं घ्यायची. भाज्या संपल्या की महिने, डिसेंबरपासून उलटे. मोठ्यानं."

"मोठ्यानं?" काकांनी हळूच विचारलं.

वाचनालयात 'शांतता राखा' ही पाटी त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवली होती, आणि ती त्यांच्याइतकी कोणीच पाळली नव्हती. काकूंच्या मते ती पाटी गळ्यात घालूनच ते लग्नाला उभे राहिले होते.

"मोठ्यानं," फरहाना म्हणाली. "सोमवारी मी तहसीलसमोरच्या निंबाखाली उभी राहते. घरून तिथपर्यंत यायचं. कोणाला धरायचं नाही, थांबायचं नाही, दुसरं काही बोलायचं नाही. तुमचा आवाज मला दुरून आला पाहिजे. झाडाला हात लावला की पास. थांबले तर अतुलभाऊ, तुम्ही घेऊन जा."

त्या वर्षी कापसाचे भाव पडले होते. पहिली वेचणी होऊन घराघरात कापूस आढ्याला टेकला होता आणि खरेदी केंद्र काही उघडत नव्हतं. त्यासाठी सोमवारीच मोर्चा निघणार होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. काकांना नव्हतं. आठवडाभर ते भाज्या पाठ करत होते.

सोमवारी ते निघाले. "भेंडी," असं पुटपुटले आणि पाय उचलला. पाय पुढे पडला. "भेंडी," ते जरा मोठ्यानं म्हणाले. दुसराही पडला. मग बाजाराची गल्ली ओलांडताना, फरहानाला ऐकू गेलं पाहिजे हे आठवून, त्यांनी डोळे मिटले आणि जन्मात ओरडले नव्हते तसे ओरडले, "भेंडी!"

"झालीच पाहिजे!" मागून आवाज आला.

काकांच्या अंगावर काटा आला. पण मागं वळलं की तोल जाई, म्हणून ते वळले नाहीत. "दोडका," ते म्हणाले.

"झालाच पाहिजे!" या वेळी आवाज बराच मोठा होता.

तेवढ्यात लाल रुमाल बांधलेला फुलसिंग धापा टाकत त्यांच्या बाजूला आला. तांड्यावरचा हा गडी म्हणजे मोर्चाचा पुढारी. पण गावोगाव सभा घेऊन त्याच्या घशात आता नुसती हवा उरली होती.

"काका," तो फुसफुसला, "माहा आवाज बसला. गल्लीतून सारे मुके चालून राह्यले होते. तुमी समोर झाले ते बेस केलं. पण भेंडी काहून?"

काकांना सांगायचं होतं की बाबा, मी तुझ्या मोर्चात नाही, मी परीक्षेला निघालो आहे. पण एवढं बोलायचं म्हणजे नापास व्हायचं.

"वांगं," ते म्हणाले.

"झालंच पाहिजे!"

"बराबर बोलून राह्यले काका," मागून मोर्चातली कोकिळाबाई म्हणाली. "कापूस इकला जाईन तवाच भाजी दिसन ना घरात. तुमाले कायी समजते काय, फुलसिंगभाऊ?"

फुलसिंगला ते पटलं. त्यानं मागं वळून हातानं खूण केली, आणि सगळा मोर्चा काकांच्या मागं, काकांच्याच चालीनं, एक पाय जरा ओढत चालू लागला.

पुढच्या वळणावर हवालदार अय्याज आडवा आला. वाचनालयातून शिकारीची पुस्तकं नेणारा जुना वाचक.

"काका, तुम्ही? तुम्ही कधीपासून मोर्चात?"

"कारलं."

"अहो, थांबा जरा. परवानगी कोणाच्या नावावर आहे?"

"पडवळ."

काका थांबेनात, त्यामुळे अय्याजला त्यांच्यासमोर उलटं चालावं लागलं. उलटा चालत तो गोविंदाच्या भाजीच्या हातगाडीवर जाऊन आदळला. काकांच्या पाठ केलेल्या भाज्या संपत आल्या होत्या; समोर गाडी दिसताच त्यांना हायसं वाटलं.

"कोबी. गाजर. टमाटे."

"झालेच पाहिजेत!"

शेकडो माणसं आपल्या गाडीकडे बघत आपलीच भाजी मागत येताहेत हे पाहून गोविंदानं सगळ्या मालावर पोतं टाकलं आणि त्यावर स्वतः आडवा झाला. "मी कायी केलं नाही बाप्पा," तो म्हणाला.

तहसीलच्या आवारात शिरेपर्यंत काकांकडे एकही भाजी उरली नाही. निंब समोर दिसत होता. खाली फरहाना, शेजारी तोंड उघडं टाकलेला अतुल, आणि मागं पायऱ्यांवर कापूस खरेदीचे साहेब. शब्द संपले तसे काकांचे पाय जड झाले. डावा तर जमिनीतच रुतू लागला. मोर्चाच्या घोषणाही थांबल्या. ती शांतता काकांच्या ओळखीची होती. आयुष्यभर त्यांनीच ती राखली होती.

साहेबांना तीच संधी वाटली. "हे बघा," ते सर्वांत पुढच्या माणसाला, म्हणजे काकांना म्हणाले, "केंद्र उघडणारच आहे. जानेवारीत."

"काका," फरहाना ओरडली, "महिने. उलटे."

काकांनी श्वास घेतला. "डिसेंबर!"

"झालाच पाहिजे!" पाय सुटला.

साहेबांनी कपाळ पुसलं. "डिसेंबर जरा कठीण आहे. पण... ठीक आहे, डिसेंबर."

"नोव्हेंबर!"

"अहो, आत्ता तर डिसेंबर म्हणालात."

"झालाच पाहिजे!" मोर्चा म्हणाला. फुलसिंगनं आयुष्यात पुष्कळ बोलणी केली होती, पण साहेबानं मान्य केल्यावर आणखी अलीकडचा महिना मागणारा माणूस त्यानं पाहिला नव्हता. त्यानं नकळत डोक्याचा लाल रुमाल काढला.

"नोव्हेंबर, दिवाळीनंतर," साहेब म्हणाले.

"ऑक्टोबर!"

"ऑक्टोबर चालू आहे हो काका."

"सप्टेंबर!" आता काका झाडापासून हातभर अंतरावर होते, आणि त्यांचे पाय असे पडत होते की जणू लकवा दुसऱ्याच कोणाला आला होता.

"सप्टेंबर गेला," साहेब रडवेले होऊन म्हणाले. "किती मागं नेता मला? येत्या सोमवारी कापूस मोजायला काटा लावतो. लिहून देतो. पण आता पुढचं नाव घेऊ नका."

काकांनी झाडाला हात लावला. "पास," फरहाना म्हणाली, आणि मोर्चा नाचायला लागला. ती कशाबद्दल म्हणाली ते कोणी विचारलं नाही. अतुलनं खिशातून तिकिटं काढली, एकदा बापाकडे पाहिलं, आणि एक सोडून बाकीची परत करायला वेगळ्या खिशात ठेवली.

पुढच्या सोमवारी खरेदी केंद्रावर काटा लागला आणि वाचनालयाचं कुलूपही निघालं. काका हातात पुस्तकं घेऊन कपाटांमधून फिरत होते आणि सवयीनं मोठ्यानं म्हणत होते, "कादंबरी... नाटक... प्रवासवर्णन..." पेपराआड बसलेला अय्याज प्रत्येकाला हळूच "झालंच पाहिजे" म्हणत होता.

चालता चालताच काकांनी भिंतीवरची 'शांतता राखा' ही पाटी उतरवली आणि फडक्यानं पुसली.

"फेकता काय काका?" अय्याजनं विचारलं.

"नाही रे," काका पुढच्या कपाटाकडे जात म्हणाले. "घरी नेतो. तुझ्या काकूनं मागवली आहे."